लेगोच्या फिल्मसाठी कॅमेरा: हुशार नको, हट्टी हवा

लेगोची स्टॉप-मोशन फिल्म, म्हणजे बाहुले किंचित हलवत एकेक फोटो काढून बनवलेली फिल्म, करायची तर कॅमेरा किती मेगापिक्सेलचा घ्यावा, हे मुलं विचारतात, त्यांचे आईबाबा विचारतात, आणि दुकानदार तर त्याच आकड्यावर कॅमेरा गळ्यात मारतो. उत्तर आहे: दोन. फुल एचडीची एक फ्रेम म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके, जेमतेम २१ लाख. फोर-के करायची हौस असली तरी ८३ लाख, म्हणजे सव्वाआठ मेगापिक्सेल. गेल्या दहा वर्षांतला कुठलाही बरा फोन एवढं देतो. मेगापिक्सेलचा विषय इथे मिटला. पुढे एका ठिकाणी तो परत येईल, तेवढाच.

निवड करायची ती दुसऱ्याच गुणावर. आजचा कॅमेरा प्रत्येक फोटोच्या वेळी स्वतःचं डोकं चालवतो. उजेड नव्याने मोजतो, फोकस नव्याने शोधतो, भिंत पिवळी दिसली की तिला पांढरी करायला जातो. सहलीच्या फोटोंना हे चांगलंच. पण स्टॉप-मोशनमध्ये तुम्ही एकाच दृश्याचे शेकडो फोटो काढून ते एकापाठोपाठ एक पळवता. कॅमेऱ्याने दर फोटोला थोडा थोडा वेगळा निर्णय घेतला, तर पडद्यावर भिंत लुकलुकते, रंग श्वास घेतल्यासारखे कमीजास्त होतात आणि लेगोचा माणूस उभ्या जागी थरथरतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत उगवणारं वाटाण्याचं रोप एकेक फ्रेम करून टिपलं, १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’मध्ये काड्यांना नाचवलं, ते हाताने दांडा फिरवायच्या कॅमेऱ्यावर. त्या कॅमेऱ्याला काही ठरवताच येत नव्हतं. आपल्याला आजच्या कॅमेऱ्याकडून नेमकं तेवढंच हवं आहे: एकदा सांगितलं की शेवटच्या फोटोपर्यंत त्याने काही बदलू नये.

म्हणून तीन कुलपं लक्षात ठेवा: फोकसचं, उजेडाचं म्हणजे एक्स्पोजरचं, आणि रंगाचं म्हणजे व्हाइट बॅलन्सचं. तिन्ही लागतात तो कॅमेरा चालेल. यातलं एक जरी लागत नसेल तर तो लाखाचा असला तरी या कामाचा नाही.

पायरी १: आपण टिपतोय ती वस्तू किती लहान आहे ते बघा

लेगोचा माणूस १९७८ पासून त्याच मापाचा आहे. टोपी-केस सोडले तर उंची चार सेंटिमीटर. ठोकळ्यावरच्या दोन गोल टेंगळांमधलं अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. ३२ गुणिले ३२ टेंगळांची बेसप्लेट, म्हणजे सेट उभारायची पातळ पाटी, हा साडेपंचवीस सेंटिमीटरचा चौरस. तुमचं अख्खं शहर, पोलीस चौकी आणि ड्रॅगनसकट, एवढ्याशा जागेत बसणार.

त्यावरून चौकटीची रुंदी ठरते. पूर्ण सेट दाखवायचा तर २५ सेंटिमीटर, दोन माणसं बोलताना १० ते १२, आणि एकाच चेहऱ्यावरची भीती दाखवायची तर ६ ते ७. म्हणून कॅमेरा हातात आला की आधी पट्टीची परीक्षा घ्या. टेबलावर स्टीलची पट्टी तिच्या लांब कडेवर उभी करा, कॅमेरा जवळ जवळ न्या आणि आकडे धूसर व्हायला लागले की किंचित मागे घ्या. आता चौकटीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पट्टीचे किती सेंटिमीटर दिसतात ते मोजा. सातच्या आत असेल तर उत्तम. दहा-बारा असेल तरी चालेल, फक्त अगदी जवळचे शॉट सोडून द्यावे लागतील. वीस-पंचवीस असेल तर त्या कॅमेऱ्यावर फक्त लांबची दृश्यं होतील. मेगापिक्सेलचा उपयोग होतो तो इथे. फोटो ४००० ठिपके रुंद असेल आणि फिल्म फुल एचडी करायची असेल, तर मधला अर्धा भाग कापून घेता येतो. वीसची चौकट दहाची होते.

दुसरी गोष्ट उंचीची, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. लेगोच्या माणसाचे डोळे जमिनीपासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर असतात. कॅमेऱ्याची लेन्स त्याच पातळीला आली, तर तो माणूस वाटतो आणि त्याच्यामागची भिंत इमारत वाटते. लेन्स दहा सेंटिमीटर वर गेली की तो टेबलावरचं खेळणं दिसतो. डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा, नुसता टेबलावर ठेवला तरी लेन्सचा मध्य चार-पाच सेंटिमीटर वर येतो, खाली ट्रायपॉडची प्लेट आली की आणखी वर. उपाय साधा आहे. सेट जाड पुस्तकांवर किंवा पाटावर उचला आणि कॅमेरा खालच्या पातळीवर ठेवा. पण मग सेट टेबलाच्या कडेशी हवा. फोन आणि वेबकॅमला हा त्रास नाही, फोनचं कसं ते पुढे येतंच.

तिसरं, फोटोंची संख्या. लेगोवाले हौशी लोक बहुतेक सेकंदाला १२ किंवा १५ फ्रेम वापरतात. बाराने मिनिटाला ७२० फोटो होतात, पंधराने ९००. चित्रपटाच्या २४ ने १४४०, आणि तेवढ्या वेळा बाहुल्याचा हात हलवायची पाळी येते. बारावर सुरुवात करा, चोविसाच्या नादी लागू नका. २०१४ साली आलेला लेगोचा मोठा चित्रपट पाहून मुलांना तशी सफाई हवी असते, पण त्यातलं लेगोचं जग जवळजवळ सगळं संगणकावर बनलेलं होतं. स्टॉप-मोशनसारखा दिसावा म्हणून त्यात मुद्दाम झटके ठेवले होते.

पायरी २: घरातला फोन आधी पारखून घ्या

नवा कॅमेरा घ्यायचा विचार याच्यानंतर. पारखताना फक्त खिशातला नवा फोन घेऊ नका, कपाटात पडलेला जुनाही काढा, कारण या कामात बऱ्याचदा जुनाच सरस ठरतो. नव्या महागड्या फोनमध्ये सेन्सर (उजेड टिपणारी चकती) मोठे झाले आणि मुख्य लेन्सचा जवळचा फोकस लांब गेला. आयफोन १५ प्रोची मुख्य लेन्स २४ सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही. एवढ्या अंतरावरून चौकटीत जवळपास ३५ सेंटिमीटर रुंदी येते, म्हणजे अख्खी बेसप्लेट आणि वर टेबलाच्या कडा. याउलट छोट्या सेन्सरचे जुने फोन आठ-दहा सेंटिमीटरपर्यंत जवळ जातात आणि चौकट दहा-बारा सेंटिमीटरची मिळते. स्क्रीनला तडा गेलेला, बॅटरी दम तोडत असलेला जुना फोन चार्जरला लावून ठेवला तर लेगोच्या फिल्मला उत्तम.

नवे फोन ही अडचण लपवतात. वस्तू जवळ आली की फोन न सांगता दुसऱ्या लेन्सवर, बहुधा जास्त रुंद दृश्य दाखवणाऱ्या अल्ट्रावाइडवर उडी मारतो. तुम्ही बाहुला हलवायला हात पुढे केला, फोन बिचकला, आणि पुढचा फोटो वेगळ्याच लेन्समधून आला असं होतं. आयफोन १३ प्रो आणि त्यापुढच्या प्रो फोनमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये मॅक्रो (अगदी जवळच्या फोटोंचं) कंट्रोल चालू केलं की स्क्रीनवर फुलाचं चिन्ह येतं. त्यावरून ही उडी बंद करता येते. स्वस्त अँड्रॉइड फोनवर मागे ‘मॅक्रो’ म्हणून दोन मेगापिक्सेलची जी वेगळी लेन्स असते, तिच्यावर फार विसंबू नका. आकडा पुरेसा असला तरी चित्र मळकट येतं, आणि फोकस एकाच अंतराला शिवलेला असल्याने सेट मागेपुढे करत बसावं लागतं.

आता कुलपं. आयफोनच्या कॅमेऱ्यात स्क्रीनवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड बांधला जातो, पण फोटोसाठी रंगाचं कुलूप तिथे नसतं. अँड्रॉइडवर ‘प्रो’ मोड असेल तर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते), शटर (उजेड किती वेळ आत येतो ते), व्हाइट बॅलन्स आणि फोकस चारही हाताने लावता येतात. तरीही फोनचा स्वतःचा कॅमेरा वापरण्यापेक्षा स्टॉप-मोशनचं अॅप घ्या. ‘स्टॉप मोशन स्टुडिओ’ दोन्हीकडे मिळतं आणि फुकटची आवृत्ती सुरुवातीला पुरते. अशा अॅपचं खरं काम वेगळंच आहे: मागच्या फोटोची पुसट सावली आताच्या चित्रावर दिसते. हात किती मिलिमीटर हलवला ते त्या सावलीवरून कळतं. हिला ओनियन स्किन म्हणतात आणि ती नसेल तर काम चाचपडत होतं. काही अँड्रॉइड फोन रंगाचं किंवा फोकसचं कुलूप बाहेरच्या अॅपच्या हाती देतच नाहीत. तो फोन कितीही आवडता असला तरी तिथेच बाद करा.

एचडीआर, नाइट मोड, ‘एआय’ सुधारणा, ब्युटी, जे जे म्हणून फोटो आपोआप सुंदर करतं ते सगळं बंद. लेगोच्या पिवळ्या चेहऱ्यावर ब्युटी मोड काय करेल ते सांगता येत नाही.

फोन उभा करायचा तर उलटा करा, लेन्स खालच्या बाजूला येईल असा. लेन्सचा कोपरा जवळजवळ बेसप्लेटला टेकतो आणि माणसाच्या डोळ्यांची पातळी सहज मिळते. अॅपने चित्र आपोआप सुलटं केलं नाही, तर एडिटिंगमध्ये एका आज्ञेत फिरवता येतं. फोटो काढताना स्क्रीनला हात लावू नका. वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बहुतेक फोनवर शटरचं काम करतं, किंवा सेल्फी स्टिकबरोबर येणारं छोटं ब्लूटूथ रिमोट वापरा.

पायरी ३: रिकामी चाचणी

फोन असो, वेबकॅम असो की मित्राकडून उसना आणलेला डीएसएलआर, ही चाचणी घेतल्याशिवाय कशावरही पैसे खर्च करू नका. अर्ध्या तासाचं काम आहे.

सेट मांडा. एक काळा ठोकळा, एक पांढरा, एक लाल, आणि दोन माणसं ठेवा. खिडकीचे पडदे ओढा, दिवा लावा, कॅमेरा घट्ट बसवा आणि तिन्ही कुलपं लावा. मग काहीही न हलवता छत्तीस फोटो काढा. मात्र दर फोटोनंतर हात सेटमध्ये घाला, बाहुल्याला हात लावल्याचं नाटक करा, आणि बाहेर काढा. शेवटी ते फोटो सेकंदाला बारा या वेगाने चालवा. तीन सेकंदांची फिल्म होईल, ज्यात काहीच घडता कामा नये.

घडतंच. काय घडतं यावरून रोग ओळखता येतो. सगळं चित्र उजळ-अंधारं होत असेल तर उजेडाचं कुलूप लागलेलं नाही, किंवा दिवाच मिणमिणतोय. उजेड तोच पण पांढरा ठोकळा कधी निळसर कधी पिवळसर होत असेल तर व्हाइट बॅलन्स सुटलेला आहे. चित्र किंचित मोठं-लहान झाल्यासारखं वाटत असेल तर फोकस हलतोय, कारण फोकस बदलला की चौकटही थोडी बदलते. सगळं चित्र एका बाजूला सरकत गेलं तर स्टँड वाकतोय. दर फोटोला इकडून तिकडे उडी मारत असेल तर तुमचं बोट कॅमेऱ्याला ढकलतंय, किंवा लेन्समधलं स्टॅबिलायझेशन चालू आहे. हे शेवटचं अनेकांच्या ध्यानात येत नाही. हात थरथरला तर चित्र सावरायला बसवलेली ती यंत्रणा कॅमेरा स्टँडवर असताना उगाच स्वतःच हलते. लेन्सवर बटण असेल तर बंद करा. फोनमध्ये ती बंद करता येईलच असं नाही.

काळ्या ठोकळ्याकडे नीट बघा. लेगोचं प्लॅस्टिक इतकं चकचकीत असतं की त्यात तुमचा शर्ट दिसतो. पांढरा शर्ट घालून तुम्ही दर फोटोला वेगळ्या जागी उभे राहिलात, तर काळ्या भिंतीवर एक पुसट पांढरा डाग नाचताना दिसेल. कॅमेऱ्याचा यात दोष नाही. गडद कपडे घाला आणि दर फोटोला एकाच जागी मागे सरा.

पायरी ४: संगणक आहे, फोन मोकळा नाही: वेबकॅम

शाळकरी मुलांसाठी मी फोननंतर थेट वेबकॅमच सुचवतो. फोनवर मध्येच आजीचा व्हिडिओ कॉल येतो, वेबकॅमवर येत नाही. शिवाय चित्र मोठ्या स्क्रीनवर दिसतं, फोटो संगणकाच्या कळीने काढला जातो आणि कॅमेऱ्याला हात लागायचा प्रश्नच उरत नाही. लेगो कंपनीनेही २००० साली स्टीव्हन स्पीलबर्गच्या नावाने जो फिल्म बनवायचा संच काढला होता, त्यात यूएसबीचा वेबकॅमच दिला होता.

वेबकॅम घेताना प्रश्न एकच: फोकस कोणाच्या हातात? सगळ्यात स्वस्त वेबकॅमचा फोकस कारखान्यातच खुर्चीत बसलेल्या माणसाच्या अंतरावर बसवलेला असतो. लॉजिटेकचा सी२७० या जातीतला. चार सेंटिमीटरचा बाहुला जवळ आणला की धूसर. हौशी लोक त्याचं पुढचं झाकण काढून, लेन्स जागेवर धरून ठेवणारा गोंद सोडवून ती हाताने फिरवतात आणि अगदी जवळचा फोकस मिळवतात. वॉरंटी जाते, आणि फारच जोर लावला तर वेबकॅमही. ज्यांना पेचकस हातात घ्यायला आवडतं त्यांनी करावं. बाकीच्यांनी सी९२० सारखा ऑटोफोकसचा वेबकॅम घ्यावा, आणि तो ऑटोफोकस सॉफ्टवेअरमधून बंद करून पट्टी सरकवून फोकस लावावा. उजेड आणि रंगाच्या पट्ट्याही तिथेच असतात. लेन्सभोवती फिरवायची रिंग असलेला साधा वेबकॅम मिळाला तर डोळे झाकून घ्या, त्याच्याइतकं सोपं काही नाही. लॅपटॉपमध्ये बसवलेला कॅमेरा मात्र विसरून जा. तो झाकणाबरोबर हलतो आणि बघतो तुमच्याकडेच.

वेबकॅमच्या सेटिंगमध्ये ‘पॉवरलाइन फ्रिक्वेन्सी’ असते, ती ५० हर्ट्झ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. वेबकॅम अमेरिकेच्या ६० वर ठेवलेला असेल तर चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा खराब म्हणून परत करायला निघालेल्यांनी आधी हे तपासावं.

सॉफ्टवेअरसाठी पैसे लागतीलच असं नाही. ‘बोट्स ॲनिमेटर’ फुकट आणि मुक्त आहे, ओनियन स्किन देतं, आणि पहिल्या फिल्मला तेवढं पुरतं.

पायरी ५: डीएसएलआर, ज्यांना हे काम लागलंय त्यांच्यासाठी

एक-दोन फिल्म पूर्ण केल्याशिवाय या पायरीवर येऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डीएसएलआर घेतल्याने बाहुला चांगला चालायला लागत नाही. पण ज्यांची चाल जमली आहे आणि आता चित्र हवंय, त्यांना इथे जे मिळतं ते फोन देऊ शकत नाही: स्पष्टतेची खोली आपल्या हाताने कमीजास्त करण्याची मुभा.

कॅननच्या १५००डी सारख्या कॅमेऱ्याचा सेन्सर २२.३ मिलिमीटर रुंद असतो. चौकट अकरा सेंटिमीटरची ठेवली आणि ॲपर्चर (लेन्समधल्या पात्यांनी लहानमोठं होणारं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/४ लावलं, तर जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. चेहरा स्पष्ट, पुढे धरलेली तलवार धूसर. तेच एफ/११ ला खोली सव्वा सेंटिमीटर होते आणि अख्खा माणूस तलवारीसकट स्पष्ट दिसतो. उजेड कमी पडतो, पण आपला नट श्वासही घेत नाही. शटर अर्धा सेकंद उघडं ठेवा, आयएसओ १०० वरच राहू द्या. मोठा सेन्सर म्हणजे मागची पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळलेली, हे लग्नाच्या फोटोंचं वेड लेगोत आणू नका. पार्श्वभूमी फार धूसर झाली की प्रेक्षकाच्या मनात माप उघडं पडतं आणि सेट खेळण्याएवढाच दिसतो.

कॅमेऱ्यांमध्ये कॅननचं पारडं इथे जड आहे. यूएसबीवरून जिवंत चित्र संगणकावर पाठवण्याची सोय त्यांच्या साध्या कॅमेऱ्यांतही बरीच वर्षं आहे, आणि ‘ईओएस युटिलिटी’ हे सॉफ्टवेअर कॅनन फुकट देतं. विंडोजवर ‘डिजिकॅमकंट्रोल’ही फुकट आहे. स्टुडिओत चालतं ते ‘ड्रॅगनफ्रेम’, महाग पण त्याला तोड नाही. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा घेणार असाल, तर आधी या सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावरच्या यादीत नेमकं तेच मॉडेल शोधा. एकाच कंपनीच्या एका मॉडेलवर जिवंत चित्र मिळतं आणि शेजारच्या मॉडेलवर मिळत नाही, असं होतं.

आता डीएसएलआरचा खास रोग. तिन्ही कुलपं लावली, दिवा स्थिर, तरी रिकामी चाचणी लुकलुकते. कारण लेन्सच्या आत आहे. आजच्या लेन्समधली पाती आपण बघत असताना पूर्ण उघडी असतात आणि फोटोच्या क्षणी एफ/११ पर्यंत मिटतात. दर वेळी ती अगदी त्याच मापाला मिटत नाहीत, केसभर इकडे-तिकडे होतात. एका फोटोत हे कळत नाही, सेकंदाला बारा फोटोंत लगेच कळतं.

यावर सगळ्यात चांगला इलाज जुना आहे. कॅननच्या कॅमेऱ्यावर निकॉनची जुनी लेन्स बसवायची, जिच्यावर ॲपर्चरची रिंग असते. निकॉनच्या लेन्सला सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटर अंतर लागतं, कॅननच्या शरीरात ते ४४ आहे. मधल्या अडीच मिलिमीटरांत धातूची एक पातळ अडॅप्टर रिंग बसते. कॅमेऱ्याला ती लेन्स ओळखूच येत नाही, म्हणून तो तिच्यात ढवळाढवळही करत नाही. रिंग एफ/११ वर फिरवली की पाती तिथेच राहतात. उलट करता येत नाही, निकॉनवर कॅननची लेन्स अशी साध्या रिंगने बसत नाही. ‘कॉर्प्स ब्राइड’ हा २००५ चा बाहुल्यांचा चित्रपट कॅननच्या स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यांवर निकॉनच्या लेन्स लावूनच टिपला होता.

निकॉनची ५० मिलिमीटर एफ/१.८ डी सहज मिळते, रिंग असते, पण ती ४५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही. चौकट पंधरा सेंटिमीटरच्या आसपास अडकते. लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये १२ मिलिमीटरची पोकळ एक्स्टेंशन ट्यूब घातली की ती सहा सेंटिमीटरपर्यंत खाली येते, आणि ट्यूबमध्ये काच नसल्याने स्वस्त असते. निकॉनची जवळच्या फोटोंसाठीची जुनी ५५ मिलिमीटर मायक्रो लेन्स मिळाली तर ट्यूबचीही गरज नाही. नावात शेवटी ‘जी’ असलेल्या निकॉन लेन्सवर रिंग नसते, त्या इथे निरुपयोगी.

एवढा खटाटोप नको असेल तर कॅननच्या १८-५५ वरही काम होतं. ती २५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि चौकट साडेसहा-सातची मिळते. ऑटोफोकस आणि स्टॅबिलायझेशनची बटणं बंद करायची. लुकलुक घालवायला एक युक्ती चालते. डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं, म्हणजे पाती फोटोआधीच मिटवून दाखवणारं बटण दाबून पाती मिटलेल्या अवस्थेत लेन्स किंचित फिरवून सैल करायची, म्हणजे तिचा कॅमेऱ्याशी विद्युत संपर्क तुटतो आणि पाती तशीच राहतात. पण ती लेन्स आता अर्धवट अडकलेली असते. खाली उशी ठेवा.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा घेऊ का, असंही विचारतात. घ्या. इलेक्ट्रॉनिक शटरमुळे झीज नाही, आवाज नाही. फक्त मोटरवर चालणाऱ्या फोकसच्या काही लेन्स कॅमेरा झोपी गेला की फोकस विसरतात, हे घेण्याआधी तपासा. आणि जुनी लेन्स लावणार असाल तर मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ चालू करावं लागतं.

पायरी ६: जुना कॅमेरा घेताना

या कामाला नवा डीएसएलआर घेणं मला पटत नाही. दहा वर्षांपूर्वीचा चालतो, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन. शटर किती वेळा चाललंय ते विचारा. साध्या डीएसएलआरचं शटर साधारण लाखभर क्लिक धरून बनवलेलं असतं. पंधरा फ्रेमच्या हिशेबाने लाख क्लिक म्हणजे जवळपास एकशे दहा मिनिटांची फिल्म, म्हणजे चाळीस हजार क्लिक झालेला कॅमेराही तुम्हाला पुरून उरेल.

शटरपेक्षा लेन्सकडे जास्त बघा. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सच्या काचांवर आतून बुरशी धरते. लेन्स कॅमेऱ्यावरून काढा, ॲपर्चर पूर्ण उघडं करा आणि मागून मोबाइलचा टॉर्च मारून पुढून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. धुळीचे दोन कण चालतात. लेन्सचं झाकण लावून दोन-तीन सेकंदांचा फोटो काढा. काळ्या चित्रात लाल-निळे ठिपके ठसठशीत दिसले, तर तेच ठिपके तुमच्या प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी दिसतील. लॅपटॉप बरोबर न्या आणि यूएसबीवर जिवंत चित्र येतं का ते दुकानातच बघा. घरी आणलेली लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा.

पायरी ७: कॅमेऱ्याबाहेरचे पैसे

हातात दहा हजार असतील तर सगळे कॅमेऱ्यात घालू नका. तीन हजार बाजूला काढा. वजनदार ट्रायपॉड किंवा पकड घट्ट असलेला क्लॅम्प घ्या. वाकणाऱ्या तारेच्या पायांचे छोटे स्टँड तासाभरात मिलिमीटर-मिलिमीटरने बसतात आणि चित्र सरकत जातं. टेबल जमिनीवर डगमगत असेल तर पायाखाली पुठ्ठा घाला आणि बेसप्लेट टेबलाला डबल टेपने चिकटवा.

दोन एलईडी दिवे, शक्यतो एकाच कंपनीचे एकाच रंगाचे. अगदी स्वस्त एलईडी मिणमिणतात, पण शटर पाव किंवा अर्धा सेकंद ठेवलं की तो फरक विरून जातो. दिवसाउजेडी खिडकीशी काम करण्याचा मोह होतो. जुलैत तर करूच नका. एका ढगाने अर्ध्या तासाचं काम वाया जातं.

डीएसएलआर असेल तर डमी बॅटरी घ्या. बॅटरीच्या जागी बसणारा आणि भिंतीतल्या प्लगला जोडलेला तो तुकडा असतो. जिवंत चित्र चालू ठेवलं की खरी बॅटरी तास-दोन तासांत संपते, आणि ती बदलताना कॅमेरा हलतोच हलतो. १५००डी आणि त्याच्या जुन्या भावंडांना एलपी-ई१० मापाची लागते.

पायरी ८: पहिल्या फोटोआधी

डीएसएलआर ‘एम’ वर, म्हणजे सगळं हाताने लावायच्या मोडवर ठेवा. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८ ते एफ/११, शटर उजेडाप्रमाणे. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वरून काढून दिव्याच्या रंगाशी जुळणारा एकच ठरवा. कॅननच्या मेन्यूत ‘ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर’ असतं, तेही बंद, कारण ते प्रत्येक फोटोचा उजेड आपल्या मर्जीने सावरतं. आपोआप बंद होण्याची वेळ काढून टाका. फोटो जेपीईजीमध्ये आणि लहान आकारात घ्या. रॉच्या, म्हणजे कॅमेऱ्याने न सावरलेल्या जड कच्च्या ९०० फाइली संगणकावर उघडत बसायला कोणाला वेळ आहे?

फोकस लावताना चित्र दहा पट मोठं करून बाहुल्याच्या डोळ्यांच्या ठिपक्यावर लावा, मग फोकसच्या आणि झूमच्या रिंगवर कागदी टेप चिकटवा. लेन्स खाली झुकवली असेल तर झूम आपल्या वजनाने हळूहळू घसरतं.

काम अर्धवट टाकून जेवायला उठायचं असेल तर शॉट संपवून उठा. ते जमत नसेल तर दिवे तसेच राहू द्या, ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती जमिनीवर टेपने खुणा करा आणि घरात सांगून ठेवा. परत आल्यावर ओनियन स्किनची सावली शंभर टक्के करून शेवटची फ्रेम आणि आताचं चित्र आलटून पालटून बघा. बाहुला नाही, आधी भिंतीचा कोपरा जुळतो का ते बघा. कोपरा सरकला असेल तर कॅमेरा हलला आहे, आणि तो जुळेपर्यंत पुढचा फोटो काढू नका.